प्लॉटिंग-रस्त्याचं पाणी आणि आपल्या नाल्याचा काठ



जालना-बदनापूर पट्ट्यात समृद्धी महामार्ग झाला, नवे रस्ते झाले, प्लॉटिंग पडली, गोदामं उभी राहिली. अशा जागेच्या खालच्या अंगाला, नाल्याकाठी ज्यांचं वावर आहे त्यांनी हा मेसेज नीट वाचावा.

नाला का कापतो?
उन्हाळ्यात आपली काळी जमीन भेगाळते. सुरुवातीचा पाऊस त्या भेगांत जिरतो, त्यामुळे नाल्याला पाणी उशिरा आणि हळू येतं. तिथंच डांबर, काँक्रीट, पत्रे किंवा रोलर फिरवलेला मुरूम आला की पाणी जिरत नाही. हिशेब करा: १ एकरावर ५० मिमी पाऊस म्हणजे सुमारे २ लाख लिटर पाणी, म्हणजे १० हजार लिटरचे २० टँकर. हे जवळपास सगळं पाणी एका मोरीतून एकदम नाल्यात पडतं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की माती ओढायचा जोर साधारण चौपट होतो.

असं पाणी आधी नाल्याचा तळ खोदतं. तळ खाली गेला की काठाचा पाया सुटतो आणि उभी दरड पिकासकट ढासळते. म्हणून नुसता काठावर मुरूम टाकून उपयोग नाही, पुढच्या पुरात तो वाहून जातो. इलाज वरूनच सुरू करावा लागतो. आपल्या कडवंचीत हेच झालं: आधी माथ्यावर चर, मग वावरात बांधबंदिस्ती, शेवटी नाला. २०१२ च्या दुष्काळातही तिथल्या द्राक्षबागा टिकल्या.

पावसाआधी काय करायचं?

१) शेड, गोठा, घराच्या पत्र्याचं पाणी पन्हाळ लावून शेततळ्यात किंवा शोषखड्ड्यात घ्या. विहिरीत सोडायचं असेल तर आधी गाळणखड्डा हवाच.

२) पेरणी उताराला आडवी करा. सोयाबीनला रुंद वरंबा सरी चांगली.

३) वावरातलं जादा पाणी जिथून नाल्यात उतरतं तिथं दगडी सांडवा करा. बांध फोडून पाणी सोडू नका, तिथूनच घळ पडते.

४) नाल्याच्या अगदी कडेपर्यंत नांगर घालू नका. ८-१० फूट पट्टा सोडा. त्यात वाळा, मारवेल, निरगुडी, बांबू लावा. मुळ्या माती धरून ठेवतात. दोन तास कमी झाले तरी चालतील, दरड पडली तर जमीन परत येत नाही.

५) खोलीकरणाची माती काठावर ढीग करून ठेवू नका. तिच्या वजनानं काठ खचतो आणि माती परत नाल्यातच येते.

६) लहान घळीत अनघड दगडांचे बांध घाला. बांध मधे खोलगट आणि दोन्ही बाजूंनी उंच ठेवा. मधे उंच राहिला तर पाणी बाजूनं काठ फोडून जातं. मोठ्या नाल्यावर मनानं बांध घालू नका, तालुका कृषी अधिकारी कार्यालयातून जागा बघून घ्या.

मोरीचं काय?
मोरीचं पाणी जिथं पडतं तिथं खड्डा पडलाय का, आत्ताच बघा. तिथं दगडी पिचिंग हवं. प्लॉटिंगचं पाणी थेट तुमच्या नाल्यात सोडलं असेल तर त्यांच्याच जागेत पाणी साठवायची, जिरवायची सोय करायला सांगा. गट नंबर आणि फोटो जोडून ग्रामपंचायतीला आणि रस्त्याचं काम ज्या खात्याकडे आहे त्यांना लेखी अर्ज द्या. पोच घ्यायला विसरू नका. एकट्यानं देण्यापेक्षा नाल्याकाठच्या सगळ्या खातेदारांनी मिळून द्या.

आज एक काम करा. नाल्याच्या काठापासून वावरात १० पावलं मोजून एक खुंटी ठोका आणि फोटो काढून ठेवा. प्रत्येक मोठ्या पावसानंतर परत मोजा. पावलं कमी झाली तर वाट बघू नका, दोन्ही फोटो आम्हाला पाठवा. कुठं काय करायचं ते जागेवर येऊन ठरवू.

आपला,
कृषी सल्लागार