तोड आली की कळवतो: कॉलबॅकचे प्रकार आणि आळशी याद्या

मागच्या व्याख्यानात आपण इथवर आलो होतो की फंक्शन हीसुद्धा एक वस्तूच आहे. ती व्हेरिएबलमध्ये ठेवता येते आणि दुसऱ्याच्या हातात देता येते. आज पुढचा प्रश्न घेऊ. हातात दिलेलं ते फंक्शन दुसरा माणूस कधी चालवणार, किती वेळा चालवणार, आणि आलेलं उत्तर किती दिवस खरं धरणार?

समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरी ऊस असेल, म्हणून उदाहरण कारखान्याचंच घेतो. प्रवरानगरला १९५०-५१ च्या हंगामात सहकारी कारखान्याचं गाळप सुरू झालं. तेव्हापासून या जिल्ह्यातल्या माणसाला एक पद्धत अंगवळणी पडली आहे. लागण झाली की शेतकरी गट ऑफिसला जाऊन उसाची नोंद करतो. नोंद करताना तो तोड मागत नाही. तो फक्त सांगून येतो, की माझी पाळी आली की मला कळवा. मग तो रोज कारखान्यावर जाऊन "आली का पाळी?" असं विचारत बसत नाही. (निदान कागदावर तरी बसत नाही.) वेळ आली की चिटबॉय निरोप घेऊन येतो, मागोमाग टोळी येते. प्रोग्रॅमिंगमध्ये याला कॉलबॅक म्हणतात. फंक्शन लिहायचं आपण, चालवायचं दुसऱ्याने, त्याला सोयीचं असेल तेव्हा.

आता हा निरोप कोणत्या स्वरूपात येणार हे आधी ठरलेलं नसेल तर घोटाळा होतो. कारखाना गट नंबर सांगणार की नुसतं गावाचं नाव? शेतकऱ्याने उलट काही कळवायचं आहे की ऐकून घ्यायचं? आत काय येणार आणि बाहेर काय जाणार, या करारालाच कॉलबॅकचा टाइप म्हणतात. २०१४ साली आलेल्या जावा ८ ने अशा नेहमीच्या करारांना नावं दिली. काही न घेता उत्तर देतो तो सप्लायर: "आजचं गाळप किती?" एक घेऊन दुसरं देतो तो फंक्शन: नोंद घेतली, अंदाजे टन दिले. घेतो पण परत काही देत नाही तो कन्झ्युमर, म्हणजे चिटबॉयचा निरोप. आणि घेऊन फक्त हो-नाही सांगतो तो प्रेडिकेट: हा ऊस तोडीला आला आहे का? सी-शार्पमध्ये फंक आणि ॲक्शन या नावांनी साधारण हेच मिळतं. नावं पाठ करू नका. बाण काढायची सवय लावा. फळ्यावर आम्ही लिहितो: नोंद → टन. बाणाच्या डावीकडे काय, उजवीकडे काय, एवढं वहीत असलं की पुरे.

हा करार ढिला असला तर काय होतं त्याचं एक जुनं, खरंखुरं उदाहरण जावास्क्रिप्टमध्ये आहे. तीन गाड्यांची वजनं मजकूर म्हणून आली आहेत, तिन्ही "१०". त्यांचे आकडे करायचे म्हणून यादीवर 'मॅप' लावला आणि कॉलबॅक म्हणून 'पार्सइंट' दिला. उत्तर काय येतं? पहिली गाडी १०. दुसरी 'नॅन', म्हणजे "हा आकडाच नव्हे". तिसरी २. आता बसा हिशेब लावत! झालं असं, की मॅप कॉलबॅकला एक नाही, तीन गोष्टी देतो: वजन, त्याचा यादीतला क्रमांक आणि अख्खी यादी. पार्सइंटला दुसरी गोष्ट म्हणून अंकपद्धतीचा पाया लागतो. म्हणून त्याने क्रमांकालाच पाया समजलं. शून्य पाया म्हणजे नेहमीची दशमान, तिथे १० बरोबर आले. एक हा पाया चालतच नाही. आणि दोनच्या पायात "१०" म्हणजे २. कुठे लाल अक्षरात चूक दिसत नाही, प्रोग्रॅम सुरळीत चालतो, आणि दहा टनाच्या गाडीचे दोन टन होतात.

आता आळशीपणाकडे वळू. कारखाना सगळा ऊस एका दिवसात तोडत नाही. का? तोडलेला ऊस पडून राहिला की वाळतो, वजन घटतं, साखरेचा उतारा घटतो. म्हणून गव्हाणीत आज जेवढ्या मोळ्या जाणार, साधारण तेवढाच ऊस आज तोडायचा. प्रोग्रॅमिंगमध्ये यालाच लेझी म्हणतात. आम्ही त्याला आळशी म्हणतो, पण तो हिशेबी आळशीपणा आहे.

समजा कारखान्याकडे वीस हजार नोंदी आहेत आणि प्रत्येक नोंदीचा अंदाजे टनेज काढायचा आहे. प्रोग्रॅम सुरू होताच वीस हजार वेळा हिशेब करायचा, हा एक मार्ग. दुसरा मार्ग आळशी यादीचा. यादीत टनेज नसतंच. असतात ते फक्त नोंदींचे क्रमांक आणि एक कॉलबॅक: नोंद → टन. कुणी पाचशेवी नोंद मागितली की तेवढ्यापुरता कॉलबॅक चालतो. ही कल्पना काही काल-परवाची नाही. १९७६ साली फ्रीडमन आणि वाइज या दोघांनी यादी बनवतानाच हिशेब करू नये, असं मांडणारा निबंध लिहिला. १९९० मध्ये आलेल्या हॅस्केल भाषेत तर सगळाच कारभार असा.

पण इथे एक खाच आहे, आणि विद्यार्थी हमखास तिच्यात पडतात. आळशी असणं वेगळं आणि उत्तर लक्षात ठेवणं वेगळं. पायथन ३ मध्ये मॅप वापरून टनेजची यादी केली आणि तिची बेरीज घेतली, तर उत्तर बरोबर येतं. त्याच यादीची पुन्हा बेरीज घेतली तर शून्य! कारण ती यादी नव्हतीच, एकदाच वाहणारा पाट होता, आणि पाणी निघून गेलं. जावाच्या स्ट्रीमवर हेच केलंत तर तो शून्य देत नाही, सरळ तक्रार करतो. आमच्या मते हे बरं. सी-शार्पच्या लिंकमध्ये तिसरीच तऱ्हा: दुसऱ्यांदाही उत्तर येतं, पण त्यासाठी कॉलबॅक सगळ्या नोंदींवर पुन्हा चालतो. तीन भाषा, तीन वागणुकी, आणि फळ्यावरचा बाण तिन्हीकडे तोच. म्हणजे बाण सगळं सांगत नाही.

तिथे कॅश येते. पहिल्यांदा मागितलं की हिशेब करायचा आणि उत्तर कप्प्यात ठेवायचं. दुसऱ्यांदा कप्प्यातून द्यायचं. डोनाल्ड मिची यांनी १९६८ मध्ये अशा लक्षात ठेवणाऱ्या फंक्शनांना 'मेमो' म्हटलं, त्यावरून मेमोआयझेशन हा शब्द रूढ झाला. आता आळशी यादी आणि कॅश एकत्र केली की मागाल तेव्हा मिळतं आणि दोनदा खर्च होत नाही. ऐकायला फार छान.

आमची फजिती इथेच झाली. एका कारखान्याच्या शेतकी विभागासाठी आम्ही तोडणीच्या क्रमाचा प्रोग्रॅम लिहिला होता. नाव सांगत नाही, कारण चूक आमचीच होती. नोंदीवरून लागण तारीख, जात आणि क्षेत्र घ्यायचं आणि पाळीचा क्रम काढायचा. यादी आळशी होती आणि उत्तरं कॅशमध्ये. संगणक हंगामभर बंद होत नव्हता. एका शेतकऱ्याच्या नोंदीत तारीख चुकली होती, आडसालीचा ऊस सुरू म्हणून लिहिला गेला होता. त्याने खेपा घालून ती दुरुस्त करून घेतली. कागदावर दुरुस्ती झाली, डेटाबेसमध्येही झाली. पण आमच्या कप्प्यात जुनंच उत्तर पडून होतं. क्लार्क स्क्रीनकडे बघून सांगायचा, "तुमची पाळी अजून लांब आहे." आणि क्लार्क खोटं बोलत नव्हता! आडसाली म्हणजे जुलै-ऑगस्टची लागण, सोळा-अठरा महिन्यांचं पीक. ते वेळेवर तुटलं नाही, उसाला तुरे आले, वजन घटलं. शेवटी तो वजनकाट्याच्या पावत्या घेऊन आमच्यासमोर बसला. पावत्यांवरचे आकडे आम्ही मुकाट्याने वाचले. बोलण्यासारखं आमच्याकडे काही नव्हतं.

त्यानंतर आम्ही प्रत्येक कॉलबॅककडे एका वेगळ्या नजरेने बघू लागलो. कॅशमध्ये ठेवायचा कॉलबॅक असा हवा, की तेच विचारलं तर तेच उत्तर येईल, आज विचारा नाहीतर महिन्याने. वजनकाट्यावर एकदा झालेलं वजन असं असतं. पावती क्रमांक → वजन, हे कायम राहतं, खुशाल कप्प्यात ठेवा. पण नोंद क्रमांक → पाळी हे तसं नाही, कारण क्रमांक तोच राहून नोंद बदलू शकते. दोन्ही बाण एकाच घडणीचे आहेत. कंपायलरला दोन्ही चालतात. फरक फक्त आपल्याला माहीत असतो.

आम्ही उपाय काय केला? दर तासाला कप्पा रिकामा करा, असं सगळे सुचवत होते. ते सोपं आहे, पण मग तासभर खोटं उत्तर चालतं असं आपणच मान्य केल्यासारखं होतं. आम्ही चावी बदलली. नुसता नोंद क्रमांक न ठेवता नोंद क्रमांक आणि दुरुस्ती क्रमांक अशी जोडी केली. नोंद दुरुस्त झाली की दुरुस्ती क्रमांक एकने वाढतो, चावी नवी होते, आणि नव्या चावीचा कप्पा रिकामा असल्यामुळे हिशेब पुन्हा होतो. जुनं उत्तर कुठेतरी पडून राहतं, पण त्याच्याकडे कुणी जात नाही. फक्त अशी जुनी उत्तरं साचत जातात, म्हणून कप्प्यांना मर्यादा घालावी लागते. पायथनचा 'एलआरयू-कॅश' तेच करतो. वेगळं काही सांगितलं नाही तर १२८ उत्तरं ठेवतो आणि जागा लागली की सगळ्यात जास्त काळ न विचारलेलं बाहेर काढतो.

तुम्ही म्हणाल, हे उसापुरतं. आपल्या जिल्ह्याचंच बघा. २०२४ मध्ये नाव अहिल्यानगर झालं. गाड्यांवरचा एमएच-१६ मात्र तोच राहिला. म्हणजे चावी तीच, उत्तर बदललं. ज्या प्रोग्रॅमने "१६ म्हणजे अमुक जिल्हा" हे कायमचं लक्षात ठेवलं असेल, तो जुनंच नाव छापत बसेल.

आणखी एक खोडी सांगून ठेवतो, कारण ती पुस्तकात तळटीपेत असते. कॉलबॅक फसला तर काय? सी-शार्पच्या 'लेझी'ला हिशेबाचं फंक्शन दिलं आणि ते पहिल्याच वेळी अपयशी ठरलं, तर नेहमीच्या मांडणीत तो अपयशच लक्षात ठेवतो. सकाळी नेटवर्क दोन मिनिटं गेलं, की दिवसभर तीच चूक परत परत मिळते. जावाच्या 'कम्प्यूट-इफ-ॲब्सेंट'मध्ये उलट आहे. कॉलबॅकने 'नल' दिला, तर तो काहीच ठेवत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा कॉलबॅक चालवतो. ज्यांची नोंदच नाही अशांची चौकशी वारंवार होत असेल तर कॅशचा उपयोग शून्य. दोन्ही वागणुकींना कारणं आहेत. पण आपण वापरतो ती कुठली, हे आधी बघून घ्या.

मघाशी मागून प्रश्न आला होता, की मग सगळ्याच याद्या आळशी कराव्या का? नाही. ज्या दिवशी वीस हजार शेतकऱ्यांची बिलं छापायची आहेत, त्या दिवशी सगळे हिशेब लागणारच. तिथे आळशीपणाने काही वाचत नाही, उलट चूक सापडायला उशीर होतो. सगळे हिशेब सकाळी सात वाजता केले तर खराब नोंद सातला कळते. आळशी यादीत तीच नोंद दुपारी कळते, जेव्हा खिडकीपुढे रांग लागलेली असते. बिलाच्या दिवशी आम्ही आधी सगळं काढून ठेवतो, मगच खिडकी उघडतो.