गाण्यात गावाचं नाव होतं म्हणून

दसरा झाला की केदारखेड्याच्या शिवारात कापूस फुटायला लागतो. काळ्या रानात बाया कमरेला ओटी बांधून वेचणी करतात आणि संध्याकाळी काट्यावर किलोच्या हिशेबाने मजुरी ठरते. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात शंभर वर्षांपूर्वी कापूस असाच हाताने वेचत, असाच तोलत. गुलामगिरी कायद्याने संपली होती, पण काळी कुटुंबं जमीनदाराच्या रानात बटईने राबत आणि वर्षाचा हिशेब बहुतेकदा कर्जावरच येऊन थांबे. ब्लूज हे गाणं त्या रानांतलं.

१९२० साली मॅमी स्मिथ या गायिकेची तबकडी धडाक्याने खपली, तेव्हा काळं गिऱ्हाईकही तबकड्या विकत घेतं हे कंपन्यांना कळलं. मग खेड्यापाड्यांतले गाणारे शोधणं सुरू झालं. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. रात्रभर चालणारं गाणं तेवढ्यात बसवावं लागे. रॉबर्ट जॉन्सनने १९३६ आणि १९३७ मध्ये टेक्सासात २९ गाणी मुद्रित केली आणि १९३८ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, तो गेला.

मला मात्र मिसिसिपी जॉन हर्ट जास्त जवळचा वाटतो. ॲव्हलॉन नावाच्या खेड्यातला हा शेतमजूर. १९२८ मध्ये ओके कंपनीने मेम्फिसला आणि न्यूयॉर्कला त्याची गाणी मुद्रित केली. खप बेताचाच झाला, पुढच्या वर्षी मंदी कोसळली आणि हर्ट पुन्हा रानात. पण न्यूयॉर्कात म्हटलेल्या एका गाण्यात त्याने आपल्या गावाचं नाव घेतलं होतं. त्या नावाचा माग काढत टॉम हॉस्किन्स हा तरुण १९६३ मध्ये ॲव्हलॉनला पोचला. पस्तीस वर्षं उलटली होती. हर्ट सत्तरीचा, आणि जिवंत! त्याच वर्षी न्यूपोर्टच्या महोत्सवात तो मोठ्या समुदायासमोर गायला. १९६६ मध्ये वारला.

गाण्यात गाव गुंफणं आपल्या बायकांना नवं नाही. ओवीत माहेरचं गाव येतं, भावाचं नाव येतं. पहाटे दोघी जात्याला समोरासमोर बसत. एकीने ओवी काढायची, दुसरीने उचलायची. कागदावर ओवी दोन ओळींची दिसते. गाताना शब्द परतून येतात, मध्ये ‘बाई’, ‘गं’ येतात आणि ओळ लांबत लांबत दगडाच्या फेऱ्याला जुळते. ब्लूजमध्येही पहिली ओळ बहुधा दोनदा म्हणतात, मग तिसरी तिला उत्तर देते. बाया चालीला ‘गळा’ म्हणतात. आवाज तोही गळा, चाल तीही गळा. एवढा नेमका शब्द मला दुसरा सापडलेला नाही.

फ्रान्सहून येऊन पुण्यात स्थिरावलेले गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी हजाराहून जास्त गावांतून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, गाणारीच्या नावागावासकट. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यांच्यासोबत आवाज टिपले. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसला १९९६ मध्ये गंगूबाई अंबोरे गायल्या. घर सुटलेल्या, गावच्या देवळाच्या आसऱ्याने राहिलेल्या. ‘पारी’ या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळाच्या संग्रहात त्यांचा गळा आज ऐकता येतो. ऐकताना मला दर वेळी थांबावं लागतं.

केदारखेड्यात एका अंगणात जातं दिसलं. गिरणी आल्यापासून त्याला टाकी लागलेली नव्हती. घरातल्या म्हाताऱ्या आजींना ओवी म्हणायची विनंती केली. त्या खुंटा धरून नुसत्याच बसल्या.

“दाण्याबिगर कसं गावं?”

सुनेने मूठभर ज्वारी आणून वैरण घातली. मी मोबाईल खाली ठेवला. त्या मुद्रणात आधी बराच वेळ दगडाची घरघर आहे. मग आजींचा गळा येतो, आणि दुसऱ्या ओवीत त्यांच्या माहेराचं नाव.