कोडिंगच्या तासाला कॉम्प्युटर हवाच का?

प्राथमिक शाळेत कोडिंग म्हटलं की आधी चौकशी होते ती संगणक कक्षाची. मशीन किती, त्यांतली चालू किती, तासाच्या वेळी वीज असेल का? लहान वर्गांपुरती ही चौकशी गैरलागू आहे. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातल्या टिम बेल यांनी सहकाऱ्यांसोबत १९९०च्या दशकात ‘कॉम्प्युटर सायन्स अनप्लग्ड’ नावाचे खेळ रचले. त्यांत मशीन कुठेच नाही.

एक खेळ असा: पाच पुठ्ठ्यांवर १६, ८, ४, २ आणि १ असे ठिपके काढायचे. पाच मुलांनी ते याच क्रमाने धरून वर्गापुढे उभं राहायचं. पुठ्ठा एकतर पूर्ण दिसेल, नाहीतर पालथा. अर्धवट झाकणं नाही. बाईंनी म्हणायचं, “तेरा करा.” सोळावाल्याला पुठ्ठा पालथा करावा लागतो, मग ८, ४ आणि १ उघडे राहतात. उघड्याला १ आणि पालथ्याला ० लिहिलं की फळ्यावर ०११०१ उमटतं. मशीनही तेरा असाच लिहितं. शून्यापासून ३१ पर्यंतची प्रत्येक संख्या या पाच पुठ्ठ्यांत बसते आणि प्रत्येकीची मांडणी एकच. “आता बत्तीस” म्हटलं की सहावा पुठ्ठा किती ठिपक्यांचा हवा, यावर वाद सुरू होतो. तो होऊ द्यावा.

दुसऱ्या खेळाला अंगण आणि खडू पुरे. जमिनीवर वाटा आखायच्या, त्या जिथे मिळतात तिथे वर्तुळं. एकेक आकडा घेऊन सहा मुलं निघतात. वर्तुळात दोघं भेटले की लहान आकडा डावीकडे, मोठा उजवीकडे. पलीकडे पोचेपर्यंत सगळे चढत्या क्रमाने लागलेले असतात. रांग बिघडलीच, तर गफलत कुठल्या वर्तुळात झाली ते मागे जात शोधायचं. माझ्या मते खरा धडा या शोधण्यात आहे.

इंग्रजी आल्याशिवाय कोडिंग जमत नाही, हाही समज खोटाच. पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी २०१४ साली आलेल्या ‘स्क्रॅचज्युनियर’मध्ये आज्ञांचे ठोकळे चित्रांचे आहेत. बाण ओळखता आला की मांजर चालवता येते.

पालकांना घाबरवणारा समज वेगळा: सरकारने कोडिंग सक्तीचं केलंय, आपलं मूल मागे पडेल. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कोडिंगचे उपक्रम आहेत ते सहावी ते आठवीच्या टप्प्यावर. त्याआधी कोडी आणि खेळांतून विचारपद्धती रुजवावी, एवढंच ते म्हणतं. सहा वर्षांच्या मुलाकडून ॲप बनवून घ्यायला महागडा क्लास लावणाऱ्यांनी ते एकदा वाचावं.

कोडिंगच्या पाठीराख्यांचाही एक लाडका गैरसमज आहे: कोड लिहिला की बुद्धी आपोआप तल्लख होते. सीमोर पॅपर्ट आणि सहकाऱ्यांनी १९६७ साली मुलांसाठी ‘लोगो’ ही भाषा आणली, तेव्हापासून ही आशा आहे. पण १९८०च्या दशकात रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी लोगो शिकलेल्या मुलांना कामांचं नियोजन करायला दिलं, तेव्हा ती न शिकलेल्यांपेक्षा सरस ठरली नाहीत. लोगोत कमावलेलं कौशल्य आपसूक दुसरीकडे गेलं नाही. म्हणून पुठ्ठ्यांच्या खेळानंतर बाईंनी “आधी सोळाच का पालथा केलास?” हे विचारायलाच हवं, आणि उत्तरासाठी थांबायलाही.