रायनोस्क्लेरोमा : नासिका व श्वसनमार्गाचा एक दुर्मीळ जिवाणूजन्य विकार

प्रस्तावना :
दीर्घकाळ टिकणारी सर्दी हा सहसा दुर्लक्षिला जाणारा त्रास होय. क्वचित प्रसंगी मात्र तिच्यामागे रायनोस्क्लेरोमा हा जुनाट विकार दडलेला असतो. तो इजिप्त, मध्य अमेरिका, पूर्व युरोप, मध्य आफ्रिका तसेच भारताच्या काही भागांत आढळतो. दाट वस्ती, अपुरे पोषण व अस्वच्छता यांच्याशी त्याचा निकटचा संबंध आहे. प्रस्तुत लेखात या विकाराचे स्वरूप, निदान व उपचार यांचा थोडक्यात परामर्श घेतला आहे.

रोगकारक जिवाणू :
1870 मध्ये व्हिएन्ना येथील त्वचारोगतज्ज्ञ हेब्रा यांनी या रोगाचे वर्णन केले. नाकातील कठीण गाठीमुळे त्यांना तो अर्बुदाचा प्रकार वाटला. पुढे मिकुलिच यांनी तो दाहजन्य असल्याचे दाखवले आणि 1882 मध्ये फॉन फ्रिश यांनी त्याचा जिवाणू शोधला. क्लेबसिएला न्यूमोनी या जातीचा रायनोस्क्लेरोमॅटिस हा तो उपप्रकार होय. या जिवाणूभोवती जाड आवरण असते. शरीरातील भक्षक पेशी त्यास गिळतात, परंतु पूर्णपणे नष्ट करू शकत नाहीत. जिवाणूंनी फुगलेल्या या फेसाळ पेशींना ‘मिकुलिच पेशी’ म्हणतात. रोग वर्षानुवर्षे टिकून राहण्याचे हे एक प्रमुख कारण होय.

रोगाच्या अवस्था :
या विकाराच्या तीन अवस्था मानल्या जातात.
1) प्रथमावस्था : नाकातून दुर्गंधीयुक्त स्राव येतो व खपल्या धरतात.
2) ग्रंथिल अवस्था : नाकात गाठी वाढतात, नाक चोंदते, रक्तस्राव होतो व नाकाचा आकार बिघडतो.
3) काठिण्यावस्था : ऊतींचे तंतुमय व्रणात रूपांतर होऊन मार्ग आकसतात.
रोग स्वरयंत्र व श्वासनलिकेपर्यंत पोहोचल्यास आवाज घोगरा होतो आणि श्वास कोंडून जीवितासही धोका संभवतो.

निदान व उपचार :
क्षय, कुष्ठरोग, नासार्बुद इत्यादींशी साम्य असल्याने निदानात चूक होण्याचा संभव असतो. ऊतीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली केलेली तपासणी निर्णायक ठरते. जिवाणूंची वाढ मात्र प्रत्येक रुग्णाच्या नमुन्यात होतेच असे नाही. म्हणून केवळ तिच्यावर विसंबून राहता येत नाही. पूर्वी स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिन ही औषधे देत. सिप्रोफ्लॉक्सॅसिन पेशींच्या आत चांगले शिरत असल्याने ते अधिक उपयुक्त ठरले आहे. उपचार अनेक आठवडे, प्रसंगी अनेक महिने चालू ठेवावे लागतात. आकसलेला मार्ग मोकळा करण्यासाठी शस्त्रक्रिया करतात. श्वास कोंडल्यास गळ्याशी श्वासनलिकेला छेद द्यावा लागतो.

समारोप :
औषधांनी जिवाणू नष्ट होतात, परंतु एकदा निर्माण झालेले व्रण त्यांनी पूर्ववत होत नाहीत. लवकर निदानाचे महत्त्व यातच आहे. बरे वाटू लागताच औषध थांबवणाऱ्या रुग्णात रोग उलटण्याची भीती असते. म्हणून महिनोन् महिने न हटणाऱ्या सर्दीची वेळीच तपासणी करणे आणि उपचारानंतरही रुग्णावर दीर्घकाळ लक्ष ठेवणे अगत्याचे आहे.