एकांकिका, शब्द आणि पुनर्कथन

स्टॅन्ली हॉटन यांची ‘द डिअर डिपार्टेड’ ही इंग्रजी एकांकिका १९०८ साली मँचेस्टरच्या गेइटी थिएटरात प्रथम रंगली. एकच खोली, सहा पात्रे आणि शाळेच्या एका तासात वाचून होईल एवढा मजकूर. आजोबा वारले असे समजून मुलगी आणि जावई त्यांच्या वस्तू बळकावू लागतात. मुलगी मिसेस स्लेटर नवऱ्याच्या मदतीने वरच्या मजल्यावरचा ब्युरो खाली आणवते. बहीण येण्याआधी तो आपलाच म्हणून दाखवायचा असतो. पुढे आजोबा चक्क जिवंत खाली उतरतात आणि सगळे उघडे पडते. भारतातल्या शालेय पाठ्यपुस्तकांतही ही एकांकिका येऊन गेली आहे. इंग्रजीचे शब्द आणि पुनर्कथन, म्हणजे वाचलेले स्वतःच्या शब्दांत पुन्हा सांगणे, या दोन्हींसाठी ती फार उपयोगाची आहे.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. तरीही दहावीपर्यंत पोचलेल्या अनेक मुलांचे इंग्रजी शब्दार्थांच्या यादीतच अडकलेले असते. शब्द दिसला की अर्थ सांगता येतो, पण बोलताना तोच शब्द तोंडात येत नाही. ओळखीचा शब्द आणि वापरातला शब्द यांतले हे अंतर घोकंपट्टीने मिटत नाही. त्यासाठी तोच शब्द वेगवेगळ्या प्रसंगांत पुन्हा पुन्हा भेटावा लागतो आणि काही वेळा तरी गरजेपोटी उच्चारावा लागतो.

एकांकिकेत हे आपोआप घडते. ब्युरो म्हटले की आपल्याकडच्या मुलांना तपासयंत्रणा आठवते. इथे तो म्हणजे खणांचे जड लाकडी सामान आहे. दोन मुलांनी वर्गातला बाक ब्युरो समजून उचलला, धापा टाकत फळ्यापर्यंत नेला आणि तेवढ्यात तिसऱ्याने दार वाजवले, की ‘हेवी’, ‘अपस्टेअर्स’, ‘नॉक’ हे शब्द अंगात भिनतात. मृत्युपत्रासाठी ‘विल’, विम्याचा ‘प्रीमियम’, शोकासाठीचे काळे कपडे, आजोबांच्या नव्या स्लिपर हे सगळे कथेला धरूनच येते. वाचनाआधी असे आठ-दहा शब्दच निवडावेत. बाकीचे प्रसंगावरून ओळखू द्यावेत. प्रत्येक ओळीला थांबून अर्थ सांगत बसले की नाटक मरते.

पहिले वाचन शिक्षकांनी करावे, दुसरे मुलांनी पात्रे वाटून घेऊन. वेशभूषा, नेपथ्य, पाठांतर यांची गरज नाही. साधे अभिवाचन पुरते, आणि अडखळणाऱ्या मुलालाही त्यात दोन ओळींची का होईना, जागा मिळते.

खरे काम त्यानंतर सुरू होते. गोष्ट पुन्हा सांगताना पुस्तकातली वाक्ये उचलून चालून जाते. नाटकात ती सोय नाही, कारण तिथे निवेदन जवळपास नसतेच, फक्त बोलणे असते. ते सांगायचे तर वर्तमानातले संवाद भूतकाळात न्यावे लागतात, ‘मी’चा ‘तो’ करावा लागतो. व्याकरणाच्या पेपरात धडकी भरवणारे अप्रत्यक्ष कथन इथे कामापुरते आणि अर्थासकट येते. शिवाय ‘आस्क्ड’, ‘अ‍ॅडमिटेड’, ‘रिफ्यूज्ड’, ‘वॉर्न्ड’ अशी क्रियापदे लागतात. पात्रे ती क्वचितच उच्चारतात; पात्र काय करत होते हे कळल्याशिवाय ती सुचत नाहीत. म्हणूनच पुनर्कथनातून आकलनही तपासले जाते.

कोण सांगतो आहे, हे बदलले की खोली वाढते. स्लेटरांची छोटी मुलगी व्हिक्टोरिया ब्युरो हलवताना समोरच असते आणि आजोबांना उठताना पहिल्यांदा तीच पाहते. तिला सारे सांगता येईल. दुसरा जावई बेन मात्र नंतर येतो. बेन होऊन सांगणाऱ्या मुलाने ब्युरोची अदलाबदल डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगितली, तर ती चूक इंग्रजीची नाही, वाचनाची आहे. अशी चूक वर्गात उलगडणे दहा प्रश्नोत्तरांहून मोलाचे.

सरावासाठी भाषाशिक्षणात रुळलेली ४-३-२ पद्धत इथे चपखल बसते. मूल जोडीदाराला चार मिनिटांत कथा सांगते, मग दुसऱ्या जोडीदाराला तीच तीन मिनिटांत आणि तिसऱ्याला दोन मिनिटांत. श्रोता दरवेळी नवा, त्यामुळे सांगण्याला अर्थ उरतो. वेळ आखडत जातो तशा अडखळण्याच्या जागा कमी होतात आणि मघाशी शोधावा लागलेला शब्द पटकन येतो. मुलांना सुरुवातीला फळ्यावर सहा-सात शब्दांचा आधार द्यावा. शेवटच्या फेरीआधी तो पुसावा. बोलणे चालू असताना चुका दुरुस्त करू नयेत. त्या टिपून ठेवून शेवटी दोन-तीनच घ्याव्यात.

गुण द्यायचे झाले तर उच्चारांआधी घटनांचा क्रम, कारणे आणि निवडलेल्या शब्दांचा वापर पाहावा. आजोबांना राग का आला, हे ज्याने मोडक्या वाक्यांत का होईना पण कारणासह सांगितले, त्याचे गुण अस्खलितपणे निव्वळ घटना ओळीने सांगणाऱ्यापेक्षा जास्त असायला हवेत.