विश्लेषण : फ्लायव्हील हलके केल्याने गाडीचा ‘पिकअप’ खरेच वाढतो का?

क्लच प्लेट बदलण्यासाठी गिअरबॉक्स खाली उतरला की फ्लायव्हील समोर येते आणि त्याबरोबर अनेकदा एक सल्लाही मिळतो : ‘आता उघडलंच आहे, तर लेथवर थोडं हलकं करून घ्या, पिकअप वाढेल.’ कोपरगाव परिसरात रोज चालणाऱ्या गाडीला याचा किती फायदा होतो? आणि त्यानंतर ‘बॅलन्सिंग’ का टाळू नये?

फ्लायव्हीलचे काम काय?

चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत एकदाच ताकद देतो. उरलेल्या तीन स्ट्रोकमध्ये इंजिन फिरते ठेवण्याची ऊर्जा फ्लायव्हील साठवून ठेवते. विहिरीवर हँडल मारून सुरू होणारे जुने ऑइल इंजिन पाहिलेल्यांना त्याची अवजड चाके आठवत असतील. तिथे सिलिंडर एकच, म्हणून चाक मोठे. चार सिलिंडरच्या कारमध्ये दर अर्ध्या फेरीला धक्का मिळतो, त्यामुळे लहान चकती पुरते. याच चकतीच्या कडेला स्टार्टरसाठी रिंग गिअर असतो आणि तिच्या सपाट पृष्ठभागावर क्लच प्लेट दाबली जाते.

हलके केल्याने ताकद वाढते का?

नाही. इंजिनाची अश्वशक्ती तेवढीच राहते. फक्त आरपीएम लवकर चढतात आणि लवकर उतरतात. समजा, चकतीच्या केंद्रापासून १२ सेंटिमीटरवरील एक किलो लोखंड काढले. चाकाची त्रिज्या २८ सेंटिमीटर आणि पहिल्या गिअरमधील एकूण गुणोत्तर १४ धरले, तर वेग घेताना गाडी सुमारे ३६ किलोने हलकी झाल्यासारखी वागते. पाचव्या गिअरमध्ये हे गुणोत्तर ३.२ धरल्यास फायदा जेमतेम दोन किलोचा. म्हणजे फरक जाणवतो तो खालच्या गिअरमध्ये. महामार्गावर टॉप गिअरमध्ये ओव्हरटेक करताना तो जवळपास शून्य असतो. म्हणूनच हा बदल शर्यतीच्या गाड्यांत जास्त दिसतो.

तोटा कोणता?

गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे हाफ क्लचवर गाडी हळूहळू पुढे घ्यावी लागते. नेमके तेव्हाच जड फ्लायव्हील कामी येते. हलक्या फ्लायव्हीलची गाडी उचलताना पटकन बंद पडते. ती बंद पडू नये म्हणून चालक जास्त रेस देतो आणि क्लच प्लेट लवकर झिजते. आयडलिंगला थरथर वाढते. डिझेल इंजिनात ज्वलनाचे धक्के मोठे असल्याने हा त्रास अधिक जाणवतो.

बॅलन्सिंग का आवश्यक?

लोखंड सगळीकडून सारखे निघाले नाही, तर एक बाजू जड राहते. १२ सेंटिमीटरवर अवघे १० ग्रॅम जास्त राहिले, तर ३,००० आरपीएमला सुमारे १२ किलोचा आणि ६,००० आरपीएमला तब्बल ४८ किलोचा ओढा निर्माण होतो. वेग दुप्पट झाला की ओढा चौपट. तो प्रत्येक फेरीला दिशा बदलत क्रँकशाफ्टच्या बेअरिंगवर आदळतो. समतोलनाच्या आंतरराष्ट्रीय मानकातील ‘जी ६.३’ श्रेणी लावली, तर सात किलोच्या चकतीला ६,००० आरपीएमसाठी या अंतरावर एक ग्रॅमपेक्षाही कमी फरक चालतो. तो नजरेने किंवा हाताने फिरवून कळत नाही. बॅलन्सिंग मशीनच लागते. प्रेशर प्लेट जोडून पुन्हा तपासणी करावी आणि दोन्हींवर जुळणीची खूण करावी. काही इंजिनांत फ्लायव्हील मुद्दाम एका बाजूला जड असते. तिथे मूळ चकतीशी तुलना करूनच काम करावे लागते.

धोका कुठे आहे?

कास्ट आयर्न दाब सोसते, पण ताणाला कमकुवत असते. बोल्टच्या छिद्रांजवळ कापले किंवा धारदार कोपरा ठेवला, तर तिथून तडा जाऊ शकतो. ६,००० आरपीएमला फुटलेल्या चकतीचे तुकडे गिअरबॉक्सचे कवच भेदून आत बसलेल्यांपर्यंत पोहोचू शकतात. आत स्प्रिंग असलेले ‘ड्युअल मास’ फ्लायव्हील तर लेथवर लावूच नये. घासलेला पृष्ठभाग कंपनीने दिलेल्या मर्यादेत सपाट करणे हे वेगळे आणि नेहमीचे काम आहे.

मग निर्णय काय घ्यावा?

गाडी वॉरंटीत असेल, तर अशा बदलामुळे दावा नाकारला जाऊ शकतो. विमा कंपनीलाही आधी विचारलेले बरे. रोज कोपरगाव-शिर्डी किंवा कोपरगाव-येवला ये-जा करणाऱ्यांसाठी मूळ वजनाचे फ्लायव्हीलच सोयीचे. पिकअप कमी वाटत असेल, तर आधी एअर फिल्टर, घसरणारा क्लच, चिकटणारे ब्रेक आणि टायरमधील हवा तपासावी. तरीही हलके करायचेच असेल, तर लेथच्या खर्चात बॅलन्सिंगचा खर्च आधीच धरावा. तेवढी तयारी नसेल, तर चकती आहे तशीच बसवावी.