माळेतला आपला वाटा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

नवीन लग्न झालेलं असताना मी वसईत भाड्यानं राहायला गेलो. शेजारी एका ख्रिस्ती कुटुंबाचं कौलारू घर होतं. पहिल्याच संध्याकाळी काडेपेटी मागायला म्हणून त्यांच्या दारात गेलो आणि तिथंच थांबलो. आत येशू-मरियेच्या तसबिरींसमोर मेणबत्ती लावून घरातली पाचही माणसं गुडघे टेकून बसली होती. काकांनी हातानं 'बसा' अशी खूण केली, पण प्रार्थना थांबवली नाही. मी ओट्यावर बसलो. पंधरा-वीस मिनिटांनी काडेपेटी मिळाली, आणि चहाही.

पुढं अनेक वर्षं मी ती प्रार्थना ओट्यावरून ऐकली. मी मुसलमान, माझी नमाज वेगळी. पण घर एकत्र ठेवण्याची एक रीत त्या ओट्यावर मला समजली. तीच आज सांगायची आहे.

जपमाळेत दहा-दहा मण्यांचे पाच गट असतात. प्रत्येक गटाच्या सुरुवातीला येशूनं शिकवलेली प्रार्थना, मग दहा वेळा मरियेची, आणि शेवटी गौरवाचे शब्द. मरियेच्या प्रार्थनेचे दोन भाग. पहिला भाग एकानं म्हणायचा, दुसरा इतरांनी. शेजारच्या घरात माणसं पाच आणि गटही पाच, म्हणून प्रत्येकाला एकेक गट वाटून दिलेला. चौथा गट धाकट्या लेकीचा. ती तेव्हा सात वर्षांची होती. तेवढी तीन-चार मिनिटं घरातलं सर्वांत लहान माणूस पुढं आणि बाप त्याच्या मागून म्हणणारा! कुटुंबात मुलांना स्थान द्यावं, असं आपण भाषणांतून ऐकतो. इथं ते रोज दिलं जात होतं.

गोव्यात या प्रार्थनेला 'तेर्स' म्हणतात. पोर्तुगीज भाषेत त्याचा अर्थ तिसरा हिस्सा. पूर्वी पूर्ण माळ पंधरा गटांची होती, त्यातले पाच रोज म्हणायचे. तेर्स झाला की मुलं आईवडिलांपुढं, आजीआजोबांपुढं 'बेसांव' म्हणजे आशीर्वाद मागायला जातात. दिवसभरात कितीही भांडण झालेलं असो, त्या क्षणी समोर उभं राहावंच लागतं.

ख्रिस्ती धर्मात घराला हे महत्त्व पहिल्यापासून आहे. १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं कुटुंबाला जणू घरातलं चर्च म्हटलं. पण त्याहून मोठा दाखला येशूच्या चरित्रातच आहे. तो लोकांमध्ये शिकवण द्यायला निघाला तेव्हा सुमारे तीस वर्षांचा होता. परंपरेनुसार त्याचं लोकांमधलं कार्य चाललं अवघी तीन वर्षं. त्याआधीचा जवळजवळ सगळा काळ नाझरेथच्या एका सुताराच्या घरात गेला. त्या वर्षांबद्दल शुभवर्तमानांत फारसं काही लिहिलेलं नाही. आजच्या भाषेत त्याला कुणी 'करिअरमधला खंड' म्हणेल.

त्या काळातली एक गोष्ट मात्र लूकनं सांगितली आहे. बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या सणाहून परतताना मागं राहिला. तो सोबतच्या माणसांमध्येच असेल असं समजून आईबाप दिवसभराची वाट चालून गेले. मग शोधत परतले आणि तीन दिवसांनी तो मंदिरात सापडला. जपमाळेत ज्या प्रसंगांचं चिंतन करतात, त्यांत हाही एक आहे. 'असेल कुठंतरी आपल्यातच' असं समजून चालत राहणं ही चूक मरिया-योसेफांकडूनही झाली, हे मला फार मोलाचं वाटतं.

पण एकत्र राहण्याची किंमत पडते. काका मुंबईत एका कारखान्यात फिटर होते. लोकलनं जायला तासाभराहून जास्त वेळ, यायला तेवढाच. त्यांना वरची जागा देऊ केली गेली. पगार चांगला होता, पण कायमची दुसरी पाळी. म्हणजे घरी यायला मध्यरात्र. काकांनी ती नाकारली. घराची कौलं त्यानंतर बारा वर्षं तशीच राहिली आणि पावसाळ्यात पातेली मांडावी लागत, ती मी पाहिली आहेत.

असा नकार देणं प्रत्येकाला परवडत नाही. 'जे कुटुंब एकत्र प्रार्थना करतं, ते एकत्र राहतं' हे घोषवाक्य जगभर पोचवणारे फादर पॅट्रिक पेटन हे आयर्लंडमधल्या एका गरीब शेतकऱ्याचे पुत्र. नऊ भावंडांच्या घरात रोज रात्री जपमाळ होई. तरीही १९२८ साली पोटासाठी भावासोबत त्यांना अमेरिका गाठावी लागली आणि तिथं एका चर्चमध्ये झाडलोटीचं काम करावं लागलं. आपल्या मुंबईत धोबीतलाव, माझगाव भागांत गोवेकरांच्या 'कूड' नावाच्या वसत्या उभ्या राहिल्या, त्या बोटीवर जाणाऱ्या आणि नोकरी शोधणाऱ्या पुरुषांसाठी. एकेका गावाची एकेक कूड. तिथंही वेदी होती आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स म्हणायचा शिरस्ता होता. घर सुटलं, तरी घराची वेळ त्यांनी सोबत नेली.

म्हणून १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या प्रश्नावर जे पत्रक काढलं, त्यात केवळ उपदेश नव्हता. कामगाराला बायकामुलांसह नीट जगता येईल एवढी मजुरी हवी आणि विश्रांतीचा दिवस हवा, असं त्यात होतं. आपल्याकडं नारायण मेघाजी लोखंडे यांच्या झगड्यानं मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली, ती त्याच्या आदल्या वर्षी, जून १८९० मध्ये. रविवारचा निवांत दिवस असा भांडून मिळालेला आहे.

आणखी एक हिशेब राहतो. मी एकदा काकांच्या त्यागाचं कौतुक करत होतो. काकू भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "यांनी बढती सोडली ते सगळ्या आळीला माहीत आहे. मी शाळेतली नोकरी सोडली, ते कुणी विचारलं नाही." काका गप्प झाले. मीही. एकत्र राहण्याची किंमत घरातल्या एकाच माणसानं भरायची आणि कौतुक दुसऱ्याचं व्हायचं, असं अनेक घरांत होतं. जपमाळेचे पाच वाटे होतात, तसे किंमतीचेही व्हायला हवेत.

माझं सांगतो. मी बढती घेतली. चार वर्षं दुसऱ्या गावी काढली आणि रविवार कविसंमेलनांना दिले. परत आलो तेव्हा मुलगा ताट वाढून घेऊन आतल्या खोलीत जात असे. त्यात राग नव्हता, सवय होती. रागाची समजूत काढता येते, सवयीची काढता येत नाही. फक्त रमजानमध्ये आम्ही सारे एका दस्तरखानावर असायचो, कारण इफ्तारची वेळ सूर्य ठरवतो. ती कुणाच्या सोयीसाठी थांबत नाही. तेव्हा शेजारच्या घराचं मर्म कळलं. 'वेळ मिळाला की बसू' म्हणणारी घरं बसत नाहीत. वेळ आधी ठरते, मग माणसं जमतात.

काकांना मी विचारलं होतं, एखादा दिवस चुकला तर काय करता? ते म्हणाले, "दुसऱ्या दिवशी दुप्पट म्हणायची नाही. परत बसायचं, एवढंच." मी रात्रीच्या जेवणाची वेळ ठरवली. पहिले काही दिवस मुलगा आतच जेवला. मग एके दिवशी बाहेर येऊन बसला. आम्ही फारसं काही बोललो नाही.

शेजारची धाकटी लेक आता दुबईत परिचारिका आहे. आपल्याकडं साडेसात वाजतात तेव्हा तिथं सहा. ड्यूटी नसेल त्या दिवशी ती मोबाईलवर येते आणि आपला गट म्हणते. ड्यूटी असेल तेव्हा तिच्या वाट्याचे दहा मणी काकू म्हणतात. मागच्या भेटीत मी ओट्यावरून ऐकलं. तिसरा गट संपला, क्षणभर सारे थांबले आणि मग काकूंनी सुरुवात केली. तो गट अजून तिचाच आहे.